तान्ह्या बाळाची उचकी : धागा टाळूवर ठेवायचा की इथे काढायचा?

मध्यरात्रीची_आई | मंगळवार, पहाटे ३.१०

नमस्कार मंडळी. आजवर नुसती वाचत होते, हा पहिलाच धागा. चुकलं तर सांभाळून घ्या, एका हाताने टाइप करतेय. दुसऱ्या हातावर लेक आहे आणि ती उचकतेय.

आज १९ दिवसांची झाली. दिवस पूर्ण भरले होते, नॉर्मल डिलिव्हरी, जन्माचं वजन २ किलो ९०० ग्रॅम. मी माहेरी कराडला, नवरा बंगळुरूला. हिला दिवसातून चार-पाच वेळा उचकी लागते. दूध पिऊन झालं की हमखास, कधी पिता पिताच, कधी लंगोट बदलताना अंग उघडं पडलं की. लागली की दहा-बारा मिनिटं चालते. एवढंसं अंग, प्रत्येक उचकीला खांद्यापासून पावलापर्यंत हलतं. ती रडत नाही. मीच रडते.

घरात तीन पक्ष पडलेत. आई म्हणते आतडी वाढतायत, बाळ अंग धरतंय, हात लावू नकोस. आजी (वय ८४) जुन्या लुगड्याच्या पदरातलं सूत ओढते, ओलं करून टाळूवर ठेवते आणि बंगळुरूच्या दिशेला तोंड करून म्हणते, "जावईबापू, पुरे आता आठवण काढणं." मालिशवाल्या मावशींचा तिसरा पक्ष : वावडिंगाचं पाणी द्या चमचाभर, आम्ही शेकडो पोरं वाढवली. काल संध्याकाळी वाटी-चमचा माझ्या मांडीपर्यंत आला होता. दवाखान्यातून सोडताना सिस्टरांनी "सहा महिने अंगावरच्या दुधाशिवाय थेंब नाही" असं बजावलं होतं, म्हणून मी नको म्हटलं. मावशी तोंड फुगवून गेल्या आणि आई माझ्याशी जेवणापुरतं बोलतेय.

तिला त्रास होत असेल का हो? आणि पाणी नको तर मग करायचं काय?


निशाचर_बाबा | मंगळवार, पहाटे ३.२२

पहाटे तीनला जागणाऱ्यांच्या मंडळात स्वागत. वर्गणी माफ.

आमचे चिरंजीव आता साडेचार महिन्यांचे. पहिला महिना सेम हेच. मी पेशाने अकाउंटंट, त्यामुळे गप्प बसवेना, वही घातली. सोळा दिवसांत ६१ वेळा उचकी, सगळ्यात लांबलेली १७ मिनिटं. पाठ चोळली, तळवे चोळले, सासूबाईंनी कानात फुंकर घातली, एकदा मी दचकवायला म्हणून टाळी वाजवली. उचकी थांबली नाही, वर भोकाड पसरलं, आणि बायको ते अजून ऐकवते. काही केलं तरी सरासरी आठ मिनिटं, काही नाही केलं तरी आठ. ताळेबंद जुळला, वही मिटली.

आता आठवड्यातून एखाद्या वेळी लागते.


वऱ्हाडी_ठेचा | मंगळवार, सकाळी ७.०५

माही आजी म्हणे का लेकराले उचकी लागली म्हणजे पोट मोठं होऊन रायलं. माह्या मोठ्या पोराले लई लागे. तो आता सहा फूट हाय. आजीचं काही चुकलं नाही म्हना.


बालरोगवाली | मंगळवार, सकाळी ९.४०

मी बालरोगतज्ज्ञ आहे. इथे येते ती पाककृती वाचायला, पण वाटी-चमच्याचं वाचून राहवलं नाही.

तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर : नाही, तिला त्रास होत नाही. छाती आणि पोट यांच्यामध्ये घुमटासारखा पसरलेला स्नायू असतो, श्वासपटल. तो एरवी शिस्तीत खाली-वर होतो. मधूनच झटक्यात आकसला की हवा आत ओढली जाते, आणि साधारण ३५ मिलिसेकंदांत स्वरयंत्राचं दार धाडकन बंद होतं. त्या दाराचा आवाज म्हणजे उचकी. आपल्याला ती नकोशी होते, कारण आपल्याला बोलायचं असतं, घास गिळायचा असतो, चारचौघांत लाज वाटते. तिला यातलं काही नाही. पुष्कळ बाळं उचकत उचकतच झोपी जातात.

आणि ही काही तिची पहिली उचकी नव्हे. आठव्या-नवव्या महिन्यात पोटात एकाच जागी टक, टक, टक असं तालात जाणवायचं का? लाथ नव्हे, ताल. ती उचकी होती. सोनोग्राफीत तर ती पहिल्या तिमाहीच्या शेवटाकडेसुद्धा दिसू शकते. तेव्हा ना दूध होतं, ना वारा, ना बंगळुरू.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये किंबर्ली व्हाइटहेड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये यावर एक अभ्यास छापला. १३ नवजात बाळांच्या डोक्याला इलेक्ट्रोड लावले, धडावर हालचाल टिपणारे सेन्सर लावले आणि उचकीची वाट बघितली. प्रत्येक उचकीसरशी मेंदूच्या बाह्यकात, म्हणजे बाहेरच्या थरात, लागोपाठ लहरी उठताना दिसल्या. त्यांचा तर्क असा, की श्वासाचा स्नायू कुठे आहे आणि हलला की कसं वाटतं, हे मेंदू या निमित्ताने शिकत असावा. बाळं तेराच होती, तेव्हा हा शेवटचा शब्द नाही. पण तुमच्या आईंचं "अंग धरतंय" अगदीच हवेतलं नाही, फक्त आतड्याच्या जागी मेंदू घाला. दिवस न भरलेली बाळं तर आणखी उचकतात, रोजची पंधरा मिनिटं तरी.

आता करायचं काय. पिता पिता लागली तर घाई करून पाजत राहू नका. उभं धरा, छातीशी किंवा खांद्यावर, पाठीवरून हात फिरवा. शांत झाली आणि अजून मागतेय असं वाटलं तर परत घ्या. बऱ्याचदा चोखता चोखताच उचकी थांबते. पाजून झाल्यावर वीसेक मिनिटं उभीच ठेवा, लगेच आडवी करून लंगोट बदलू नका. हे दुसरं वाक्य सगळ्यांकडून मोडलं जातं, कारण शी नेमकी तेव्हाच होते.

एक गोष्ट मात्र तपासा. पहाटेच्या पहिल्या पाजण्याला पान्हा जोरात फुटतो का? बाळ घटाघटा गिळतं, मधेच सोडून खोकतं, गालावरून दूध ओघळतं? तसं असेल तर दुधाबरोबर हवाही जाते. आधी थोडं दूध हाताने काढून टाका आणि पुढे वाकून न पाजता मागे रेलून पाजा, म्हणजे धारेचा जोर कमी होतो. नुसतं बोंड तोंडात नको, भोवतालचा काळा भागही जाऊ दे. आणि ती हंबरडा फोडेपर्यंत थांबू नका. मूठ तोंडाकडे नेणं, मान इकडून तिकडे वळवून शोधणं, ओठ चाटणं ही भुकेची खूण. रडणं ही शेवटची पायरी. रडून दमलेलं बाळ आधीच पोटभर हवा प्यायलेलं असतं.

वावडिंगाचं पाणी नको. एवढ्याशा पोटात पाण्याने जागा अडवली की तेवढं दूध कमी जातं, आणि दूध कमी ओढलं की तयारही कमी होतं. तान्ह्या मूत्रपिंडांना जास्तीचं पाणी झेपत नाही, रक्तातलं सोडियम खाली जाऊन झटके आलेली बाळं आम्ही पाहतो. वाटी-चमच्याबरोबर येणारे जुलाब वेगळेच.


मध्यरात्रीची_आई | मंगळवार, सकाळी १०.१५

टक टक टक!! हो! उजव्या बरगडीच्या खाली, रोज रात्री जेवण झालं की. मला वाटायचं तिच्या काळजाचे ठोके आहेत. नवऱ्याचा हात धरून ठेवायचे तिथे. म्हणजे आम्ही दोन महिने उचकी ऐकत होतो आणि डोळ्यांत पाणी आणत होतो.

पान्ह्याचं अगदी बरोबर आहे. पहाटे ठसकतेच ती.


पाटावरवंटा | मंगळवार, दुपारी ४.३०

माझं वय ७१. दोन मुलं माझी, दोन जावेची आणि पाच नातवंडं या हातांखालून गेली. डॉक्टरबाईंचं सगळं वाचलं, चांगलं लिहिलंय. पण आम्ही काय विष पाजत होतो का? सहाणेवर हळकुंड, मायफळ, मुरुडशेंग, हिरडा, वेखंड, जायफळ, बदाम, खारीक. एकेकाचा वेढा मोजून, बाळाच्या महिन्याप्रमाणे. जायफळाचा एक वेढा जास्त झाला तर पोर दिवसभर झोपेल, हे आम्हाला कळत होतं. उचकीला मधाचं बोट चाटवायचं. कुणाला काही झालं नाही. आता आईच्या दुधाखेरीज सगळंच वाईट आणि आम्ही आजीबाई फक्त लंगोट धुवायला.


बालरोगवाली | मंगळवार, रात्री ९.५०

आजी, विष नव्हे. पण जायफळाच्या वेढ्याचं तुम्हीच लिहिलंत. तुमचा हात मोजका, सगळ्यांचा नसतो. हल्ली गुटीच्या तयार पावडरीही मिळतात, त्यात ना सहाण ना वेढा, डब्यावरचा चमचा आणि अंदाज.

मधाबद्दल मात्र मी एक पाऊल मागे जाणार नाही. मधात क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जंतूचे बीजाणू असू शकतात. मोठ्यांच्या आतड्यात त्यांची डाळ शिजत नाही; वर्षाच्या आतल्या बाळाच्या आतड्यात ते रुजतात आणि विष तयार करतात. बद्धकोष्ठ, मग चोखायची ताकद जाते, मान लुळी पडते, पुढे श्वास. क्वचित होतं, पण होतं. मध जंगलातला असो, घरच्या पोळ्याचा असो, की उकळलेला. घरगुती उकळीने ते बीजाणू मरत नाहीत. वर्ष पूर्ण होईपर्यंत बोटभरही नाही.

आणि लंगोट धुवायला कशाला? चोवीस तासांत आठ-दहा वेळा पाजणारी बाई पाजून झाल्यावरची ती वीस मिनिटंसुद्धा बाळ धरून बसली तर झोपणार कधी? ते काम आजीचं. औषधांच्या दुकानात त्याला पर्याय मिळत नाही.


हडसन_किनारी | बुधवार, सकाळी ६.२०

ओल्या धाग्यावरून आठवलं. माझी डिलिव्हरी इथे न्यू जर्सीत झाली. आई व्हिसाच्या तारखेमुळे उशिरा पोचली, तोवर शेजारची मेक्सिकन आजी येऊन बसायची. मुलाला उचकी लागली की ही बाई आपल्या शालीतून लाल लोकरीचा तुकडा तोडायची, जिभेवर ओला करायची आणि त्याच्या कपाळावर चिकटवायची. मी बघतच राहिले. माझी आजी साताऱ्याला हेच करायची, फक्त सूत पांढरं आणि पाणी तांब्यातलं. नंतर ऑफिसातली फिलिपिनो मैत्रीण म्हणाली, आमच्याकडेही धागाच.

आई आली तेव्हा दोघी आज्या एकमेकींची भाषा येत नसताना सोफ्यावर बसून त्याच्या कपाळाकडे बघत होत्या. माझ्याकडे फोटो आहे.


बालरोगवाली | बुधवार, सकाळी ८.१०

धागा बिनधास्त ठेवा. उचकी आठ-दहा मिनिटांत आपसूक जाते, धाग्याला श्रेय मिळतं, कुणाचं काही बिघडत नाही. पाण्याऐवजी धाग्यात आजीचा हात गुंतला तर मला आनंदच आहे. फक्त उचकी थांबली की धागा उचलून घ्या. सुटा धागा किंवा आईचा गळलेला केस बाळाच्या पायाच्या बोटाला गुंडाळला जातो, कुणाच्या लक्षात येत नाही, बोट सुजून लाल-निळं होतं. कारण न कळता बाळ किंचाळत असेल तर मोजे काढून बोटं बघा.


शंकासुर | बुधवार, दुपारी १.००

पोटात असताना हवा नाही, दूध नाही, तरी उचकी. मेंदूचा सराव वगैरे ठीक. पण निसर्गाने ही भानगड मुळात ठेवलीच कशाला?


बेडूकमासा | बुधवार, दुपारी २.४५

माझ्या नावाचा मान राखून मीच उत्तर देतो. बेडकाचं पिल्लू कल्ल्यांवरून पाणी ढकलताना फुप्फुसात पाणी जाऊ नये म्हणून घशाचं दार मिटतं. आत ओढणं आणि लगेच दार बंद, हीच उचकीची चाल. २००३ मध्ये ख्रिश्चन स्ट्राउस आणि मंडळींनी मांडलं की ही जुनी तार आपल्यात शिल्लक राहिली असावी आणि सस्तन बाळांना ती चोखायला शिकताना उपयोगी पडत असावी. २०१२ मध्ये कॅनडाच्या डॅनियल हाउसने वेगळंच मांडलं : उचकी फक्त सस्तन प्राण्यांत दिसते, म्हणजे दूध पिणाऱ्यांत. पोटात अडकलेली हवा वर ओढून दुधाला जागा करायची ही युक्ती असावी. दोन्ही तर्कच आहेत. मला पहिला आवडतो, उघड कारणासाठी.

जाता जाता : अमेरिकेत आयोवा राज्यातल्या चार्ल्स ऑसबोर्न या गृहस्थांना १९२२ मध्ये डुकराचं वजन करताना उचकी लागली ती १९९० मध्ये थांबली. ६८ वर्षं. त्या काळात त्यांनी संसार केला, मुलंबाळंही झाली.


निशाचर_बाबा | बुधवार, दुपारी ३.००

१९ दिवसांच्या बाळाच्या आईला हे सांगायची वेळ आहे का?


बेडूकमासा | बुधवार, दुपारी ३.०४

माफी.


मध्यरात्रीची_आई | बुधवार, दुपारी ३.३०

हसले मी. सहा दिवसांत पहिल्यांदा.

ढेकर काढण्याबद्दल विचारायचं राहिलं. काही वेळा अर्धा तास थोपटते, ढेकर येतच नाही. मग अपराधी वाटतं, आणि नेमकी उचकी लागते.


बालरोगवाली | बुधवार, रात्री १०.२०

अर्धा तास? सोडून द्या हो. चंडीगडच्या पीजीआय या मोठ्या सरकारी रुग्णालयात ७१ माय-लेकरांच्या जोड्यांवर अभ्यास झाला होता, २०१५ मध्ये छापला. निम्म्या आयांना ढेकर काढायला शिकवलं, निम्म्यांना नाही. पोटदुखीच्या रडण्यात फरक पडला नाही, उलट ढेकर काढलेल्या बाळांचं दूध वर येणं वाढलं. तो अभ्यास उचकीवर नव्हता, आणि खांद्यावर घ्यायचंच नाही असं मी म्हणत नाही. उभं धरल्याने पुष्कळ बाळांना बरं वाटतं. पण पाच मिनिटांत ढेकर आली नाही तर नसेल यायची. दणादणा थोपटू नका.

आणि ग्राइप वॉटरही नको, कुणी विचारायच्या आत सांगते. ते १८५१ मध्ये इंग्लंडात विल्यम वुडवर्डने काढलं, शेपूच्या तेलाबरोबर त्यात अल्कोहोल असायचं. आपल्या आज्या "पोर शांत झोपतं" म्हणायच्या त्यात नवल नव्हतं. आताच्या बाटल्यांत अल्कोहोल नसतं, पण तान्ह्याला त्याची गरजही नसते.


सावध_आई | गुरुवार, सकाळी ११.३५

सगळे हसताय म्हणून दुसरी बाजू लिहिते, घाबरवायला नाही.

माझ्या धाकट्याला उचकी लागायची ती साधी नव्हती. दर पाजण्यानंतर, आणि तिच्याबरोबर पाठ धनुष्यासारखी मागे टाकून रडणं. दूध ओढायला घेतलं की दोन घोट पिऊन तोंड फिरवायचा. एका दवाखान्यात दोनदा "उचकी नॉर्मल असते" म्हणून परत पाठवलं. उचकी नॉर्मलच होती, बाकीचं नव्हतं. मला ते नीट सांगता आलं नाही, मी प्रत्येक वेळी "उचकी, उचकी" म्हणत राहिले. तिसऱ्या ठिकाणी डॉक्टरांनी आधी वजनाचा तक्ता मागितला. तीन आठवड्यांत जेमतेम १५० ग्रॅम. मग जळजळीचं, म्हणजे दूध अन्ननलिकेत वर येण्याचं निदान झालं आणि उपचार सुरू झाले.

म्हणून उचकी मोजू नका, ओले लंगोट मोजा.


बालरोगवाली | गुरुवार, दुपारी २.१५

सावध_आई, तुमची पोस्ट माझ्या सगळ्या पोस्टींपेक्षा कामाची आहे.

पहिल्या आठवड्यानंतर दिवसाला निदान सहा ओले लंगोट, आणि रोज सरासरी २०-३० ग्रॅम वजन. एवढं असेल तर उचकी कितीही वेळा लागो. पण दूध टाळणं, पाठ ताणून रडणं, वजन अडणं असेल तर दाखवा. हिरवी उलटी झाली तर रात्र आहे, उद्या बघू असं करू नका, त्याच क्षणी निघा. उलटी कारंज्यासारखी लांब उडत असेल तरीही थांबू नका. तीन महिन्यांच्या आत १००.४ फॅरनहाइटला टेकलेला ताप म्हणजे थेट दवाखाना. आणि क्वचितातलं क्वचित : सतत उचकी, त्यासोबत बाळ सुस्त, अंग सैल, दूध ओढत नाही, झटके. यामागे चयापचयाचा जन्मजात आजार असू शकतो. तुमची लेक भोकाड पसरते, घटाघटा पिते, तिचा याच्याशी संबंध नाही.

झोपवताना पाठीवरच. उचकी लागते किंवा दूध वर येतं म्हणून कुशीवर-पालथं नको, गादीखाली उशी नको.


मध्यरात्रीची_आई | पुढचा सोमवार, पहाटे ४.०५

अपडेट देते. काल २४ दिवस झाले. शनिवारी वजन केलं : ३ किलो ३१० ग्रॅम. लंगोटांचा हिशेब निशाचर_बाबांच्या पद्धतीने वहीत, आठच्या खाली एकही दिवस नाही. रेलून पाजायला लागल्यापासून पहाटेचं ठसकणं जवळजवळ थांबलं. उचकी पाचवरून तीनवर आली, किंवा मी मोजायचं कमी केलं.

वावडिंगाचा प्रश्न आजीनेच मिटवला. मावशी परत वाटी घेऊन आल्या तेव्हा आजी म्हणाली, "तिची वीस मिनिटं माझ्याकडे लागलीत, मधे येऊ नको." आता पाजून झालं की आजी पाय पसरून, भिंतीला टेकून बसते, लेक तिच्या छातीशी उभी, आणि मी शेजारी कलंडून झोपते. आई बाजूलाच असते, आजीला डुलकी लागली तर बाळ घ्यायला. मावशींना आईने आळिवाचे लाडू बांधून दिले, तहावर सह्या झाल्या.

काल नवरा आला. सकाळपासून लेकीला घेऊन बसला होता. दुपारी पिऊन झालं आणि त्याच्याच हातात उचकी सुरू. आजी सूत ओलं करून घेऊन आली, टाळूवर ठेवायला वाकली आणि तशीच थांबली. त्याच्याकडे बघितलं, लेकीकडे बघितलं.

"हा तर इथे बसलाय. मग आठवण काढतंय कोण?"


निशाचर_बाबा | सोमवार, पहाटे ४.११

सासूबाई असतील. फोन करून बघा.


मध्यरात्रीची_आई | सोमवार, पहाटे ४.१४

केला ना आजीने. लगेच. सासूबाई म्हणाल्या, "हो, आत्ताच फोटो बघत होते."

आता आजीला कोणी काही शिकवू शकत नाही.